भुईवर घेतलेला हवालदार

हवालदार अर्जुना जगदाळ्याचा खून तुम्ही केलात, हुजूर.

हात तुमचा नव्हता. त्या दिवशी तुम्ही वाडीत नव्हता. सगळं कबूल. तरी खून तुमचाच, कारण सरकार म्हणजे तुम्ही. तुम्ही त्याला बंदूक दिलीत, इटलीला नेलंत, ज्यांचं नाव-गाव त्याला ठाऊक नाही अशा पोरांवर गोळ्या झाडायला लावल्यात, आणि मानेत तोफगोळ्याची कपची बसून तो आडवा झाला तेव्हा परत पाठवून दिलात. मग बिल्ला लावायला खाटेशी आलात, नाकाला रुमाल धरून. तेव्हा तो काय म्हणाला ते आठवतं? म्हणाला, "साहेब, कमरंला पिस्तूल हाय न्हवं? येक गोळी द्या. तुमची चाकरी केलीया." आणि तुम्ही हसलात. "हवालदार मोठा थट्टेखोर दिसतो," असं मामलेदाराला म्हणालात नि मोटारीत बसलात.

तो थट्टा करत नव्हता. पुढं काय झालं ते आता ऐका.

१

शेहेचाळीस सालचा माघ. आष्ट्याच्या खालच्या अंगाला, उसाच्या फडांत बुडालेली वाडी. फौजदार सयाजी निकम वाडीत शिरला तसे दोन्ही बाजूंचे दरवाजे पटापट लागले. बेचाळीसपासून त्या भागात खाकी कपड्याला असाच मान होता. सयाजी स्वतः शिरवळकडच्या शेतकऱ्याचा पोर. त्याला त्याचा राग येत नसे, फक्त शरम वाटे.

जगदाळ्यांच्या सोप्यात अर्जुना भुईवर पडला होता. खाली घोंगडी, वर धोतराचं पान. शेजारी रिकामी खाट. कोनाड्यात औषधाची बाटली, तीही रिकामी. सांगलीच्या डॉक्टरांचा कंपाउंडर रहिमान अत्तार आदल्या दिवशी जखमा धुवायला आला होता, तेव्हा हीच बाटली भरून ठेवून गेला होता. झोपेचं औषध. रोज रात्री एक चमचा, वर थेंब नाही.

"सरळ हाय की, साहेब," गावचा पोलीस पाटील कानाशी लागला. "बाटली त्यो घिऊन आला, बाटली रिकामी झाली. भाईरचा मानूस. त्यात मुसलमान. सद्या दिवस कसलं हायती, तुमी जानताच."

"तुम्ही जरा बाहेर थांबा," सयाजी म्हणाला.

भिंतीवर तसबीर होती. लष्करी वेषातला अर्जुना: दारात मावणार नाही असा उंच, खांदे रेड्यासारखे, मिशीला पीळ. सयाजीनं तसबीर पाहिली, खाट पाहिली, आणि मनाशी अटकळ बांधली की असा गडी खाटेवरून भुईवर घ्यायचा तर दोन बाप्ये पाहिजेत.

भुईवर का घेतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. माणूस खाटेवर मरू नये. प्राण अधांतरी लोंबकळतो, गती मिळत नाही म्हणतात. म्हणून घटका भरली की शेणानं भुई सारवायची आणि माणसाला खाली घ्यायचं. पण वाडीत सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: अर्जुना अचानक गेला, कुणालाच पत्ता लागला नाही.

सयाजी गुडघ्यावर बसला. सोप्याची जमीन पाक उखडली होती. फक्त माणसाच्या मापाचा एक पट्टा गुळगुळीत, हिरवट, नुकता सारवलेला. त्यानं घोंगडीचं टोक उचललं. पांढरी घोंगडी. तिला शेणाचा डाग नाही. माघाच्या गारठ्यात सारवण वाळायला बराच वेळ लागतो. ओल्यावर घोंगडी टाकली असती तर ती हिरवी झाली असती.

म्हणजे अर्जुनाला खाली घेतलं तेव्हा भुई वाळलेली होती. माणूस गेल्यावर घाईनं केलेलं हे सारवण नव्हे.

कुणाला तरी आधीपासून ठाऊक होतं की आज हा मरणार.

२

धाकटा भाऊ नानासो गुऱ्हाळावर सापडला. काहिलीत रस उकळत होता, आणि हा बाबा भावाचं प्रेत घरात असताना मळी काढत उभा.

"लाज न्हाई वाटत?" सयाजीनं विचारलं.

"लाज वाटून काय करू? रस थांबतोय व्हय? आन् तुमी मड्याला हात लावू दिना. मग बसू काय चिलीम वढत?"

"तू म्हणाला होतास, भाऊ सुटला तर बरं होईल. चावडीवर म्हणालास. चारजणांनी ऐकलंय."

नानासोनं झारा आपटला. "म्हनलो हुतो! परत म्हंतो. त्याच्या पाठीला भोकं पडली हुती, साहेब, मूठ जाईल येवढी. त्यात किडं. मान तेवढी जित्ती, बाकी समदं मेलेलं. मानंतनं आग उठायची तवा जी बोंब मारायचा, ती ऐकून बैलं दावं तोडायची. तुमी आला हुता का ऐकायला?"

"रान दोघांच्या नावावर आहे. मूलबाळ नाही त्याला."

"आलं का शेवटी रानावर!" तो कडू हसला. "आवं, मारायचाच आसता तर दोन वर्सं त्याचा गू-मूत कशाला काढला आसता? पयल्याच म्हैन्यात तोंडावर उशी दाबली आसती. कोन इचारनार हुतं?"

सयाजीच्या मनाला हे वाक्य बोचलं. खरंच, कोण विचारणार होतं? आणि उद्या सरकारनं कायदाच केला, की असल्या माणसाला सोडवायला मुभा आहे, तर पहिल्यांदा रांगेत उभे कोण राहतील? आईबाप की हिस्सेदार?

"भुईवर कुणी घेतला?"

"मी तांबडं फुटताना घरला आलो तवा भुईवरच हुता. गार. म्हनलं, आयेनं शेजारपाजाऱ्यास्नी हाळी देऊन घेतला आसंल."

सयाजीनं शेजाऱ्यांना विचारलं. गुंडा लोहारानं कानांवर हात ठेवले. कुणाला हाळी आली नव्हती, कुणी घरात पाऊल टाकलं नव्हतं. घरात फक्त म्हातारी आई, बनुबाई. ती उंबऱ्याशी गुडघ्यात मान घालून बसली होती. नानासोची बायको बाळंतपणाला गेलेली आणि अर्जुनाची हरणाबाई माहेरी, आष्ट्याला.

मग त्या रेड्यासारख्या गड्याला उचललं कुणी?

३

दुपारी सांगलीहून डॉक्टर लिमये मोटारीनं आले. मागच्या बाकावर रहिमान, तोंड पांढरंफटक. डॉक्टरांनी प्रेत तपासलं, बाटली हुंगली, हात धुतले. "सगळी बाटली पोटात गेलीय. मी खोटं लिहून देणार नाही, फौजदार. आणि हे पाहा."

त्यांनी प्रेताच्या दाढेतून चिमट्यानं काहीतरी काढलं होतं. तुळशीचं पान.

"ते तर मेलेल्याच्या तोंडात ठेवतातच," सयाजी म्हणाला.

"ठेवतात ते अख्खं असतं. हे चावलेलं आहे."

मेलेला माणूस पान चावत नाही. म्हणजे अर्जुनानं जिवंतपणी, शुद्धीत, जाणून तुळस खाल्ली. हा मरणार हे ज्यानं मारलं त्याला ठाऊक होतंच. ते मरणाऱ्यालाही ठाऊक होतं.

"तुमच्याकडे मागत होता का तो?" सयाजीनं डॉक्टरांना विचारलं.

"दर खेपेला." डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "मी सांगायचो, माझं काम जगवायचं. आज मी एकाला मारलं, तर उद्या पेशंट माझ्या हातची सुई घेताना माझ्या डोळ्यांत बघेल की हा बरा करतोय की संपवतोय. मग दवाखाना कसला, तो खाटीकखाना."

"खाटीक तरी येका घावात सोडवतो, डाक्टरसाहेब," रहिमान एकदम बोलला. बोलून स्वतःच दचकला. मग मात्र थांबेना. "तुम्ही आठवड्याला येक बार यायचे. मी रोज सायकल मारत यायचो. चिमट्यानं किडे काढायचो. तो म्हणायचा, रहिमानभाई, तुझ्या अल्लाला विचार की रं, माझ्यासाटी सवलत हाय का. मी नाय म्हणायचो. जान देणारा तो, घेणारा तो, असं म्हणायचो. पर खरं सांगू? मजहबसाठी नाय म्हणत नव्हतो. फाशीला भ्यालो होतो."

"काल दिलंस का?"

"नाय दिलं. कुराणावर हात ठेवतो. देयाला पाहिजे होतं, पर नाय दिलं."

तेवढ्यात तालुक्याहून शिपाई सायकल हाणत आला. वरून हुकूम: कंपाउंडरला ताबडतोब अटक करा, प्रकरण वाढवू नका.

वर म्हणजे कुठं, हुजूर, ते तुम्हाला जास्त ठाऊक.

शिपायानं रहिमानच्या हातात बेडी घातली. बाहेर जमलेल्या गर्दीतून पहिला दगड आला तो डॉक्टरांच्या मोटारीच्या काचेवर बसला. सयाजी दारात आडवा उभा राहिला, पिस्तुलावर हात ठेवून, आणि त्याला कळलं की तासा-दोन तासांत खरं सापडलं नाही तर हा माणूस जेलपर्यंतसुद्धा पोचणार नाही.

४

हरणाबाई आष्ट्याहून बैलगाडीनं आली. गाडी थांबायच्या आत तिनं उडी टाकली, ती थेट प्रेतावर. रडणं नव्हे ते. ती त्याला शिव्या देत होती.

"फसीवलंस! मला म्हायेरी जाऊ दिलंस आन् फसीवलंस!"

सयाजीनं तिला बसू दिलं. मग हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला माहेरी कुणी धाडलं?"

"आत्याबाईनी, माज्या सासूनं. दोन वर्सात हितनं हालले नव्हते मी. परवा म्हनल्या, पोरी, वाळून चाललीयास, जा येक दोन रोज, मी बघती त्याच्याकडं. मला वाटलं, म्हातारीला पाझर फुटला." तिनं तोंड वर केलं. "साहेब, ज्यानं क्येलं त्याला सोडू नगा."

"लोक म्हणतात, तो सुटला."

"लोकांचं काय जातंय! मला बी म्हनायचा, हरणे, सोडीव. मी न्हाई म्हनले. कितींदा म्हनला, तितक्यांदा न्हाई. त्याचं वरडनं ऐकून कानात बोटं घालून मागल्या दारी बसायची, पर न्हाई म्हनायची. का म्हनू व्हय? आसा का आसंना, माझा हुता. सकाळी त्याच्या मिशीला त्याल लावायची तवा हासायचा. येवढं हासू मला पुरत हुतं. त्यो दुखनं सोसत हुता त्ये खरं, पर त्ये माझं बी मानूस हुतं का न्हाई?"

सयाजीनं मान खाली घातली. समोर तो सारवलेला पट्टा दिसत होता.

"ही भुई तुम्ही सारवली होती?"

तिनं पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "न्हाई. मी गेले तवा सोपा समदा उखडल्याला हुता. म्हनलं हुतं, आल्यावर सारवीन."

नानासो रात्रभर गुऱ्हाळावर होता, गुळव्यानं शपथेवर सांगितलं होतं. आणि भुई सारवणं बायकांचं काम, असल्या बाप्यानं जन्मात ते केलेलं नसतं. रहिमानला खाट काय नि भुई काय, सारखंच. मारायला आलेला माणूस मारतो आणि जातो. भुई वाळायची वाट बघत कोण बसेल? ज्याला अर्जुना मरण्याइतकीच त्याच्या पुढच्या गतीची काळजी, तोच.

घरात तसं एकच माणूस होतं. पण त्या माणसाचे हात काटक्यांसारखे होते.

५

प्रेत उचलायची वेळ आली. पोलिसांच्या भीतीनं कुणी पुढं होईना. भाऊ एकटाच डोक्याशी उभा. सयाजीनं टोपी काढली, पायांकडून हात घातला आणि त्या तसबिरीतल्या गड्याच्या वजनाचा जोर लावून उचललं.

तो मागच्या मागं पडता पडता वाचला.

प्रेताला वजनच नव्हतं. हाडांचा सापळा आणि वर कातडं. दोन वर्षांत दुखण्यानं सगळा हवालदार खाऊन टाकला होता. राहिलं होतं ते दहा वर्षांच्या पोराएवढं. सकाळपासून सयाजी तसबिरीतल्या माणसाला उचलणारे शोधत होता. मेलेला माणूस तसबिरीतला नव्हताच. त्याला एक म्हातारीसुद्धा उचलू शकली असती.

त्यानं प्रेत पुन्हा खाली टेकवलं आणि उंबऱ्याशी जाऊन बसला.

"आजी."

बनुबाईनं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"भुई तुम्ही सारवली."

"व्हय."

इतक्या सहज आलं की सयाजीला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. "औषधही तुम्हीच पाजलंत?"

"मीच."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"मला कुनी इचारलंच न्हाई, बाबा. समदी नान्याला इचारत्यात, त्या डागदरला इचारत्यात. म्हातारीला कोन इचारतंय? वाटलं, तुमचं तुमी काय त्ये लिवून न्ह्याल."

"त्यांनी रहिमानला धरलाय. तुमच्यापायी तो फासावर जाईल."

म्हातारीनं बाहेर बघितलं. बेड्या घातलेला रहिमान जात्याच्या दगडावर बसला होता. ती धडपडत उठली. "त्याला का? त्यानं तर माझ्या लेकराचं किडं येचलं. आरं सोडा त्याला! आधी सोडा!"

"आजी, बसा. काय झालं ते सांगा."

ती बसली. पदराचं टोक चुरगाळत बोलू लागली, जणू शेजारणीला सांगत होती. "दोन वर्सं म्हनत हुता. आये, तू तरी. मी म्हनायची, गप रं, मुडद्या. परवा म्हनला, आये, समद्यांनी न्हाई म्हनलं, आता तुझ्याबिगर कोन हाय? मग हरणीला धाडलं. तिच्या म्होरं जमलं नसतं. म्हनला, पर आये, खाटंवर नगं मला. खाटंवर लय पडलो. म्हनून भुई सारवली. वाळंस्तवर बसलो दोघं बोलत. त्याच्या ल्हानपनीच्या गोष्टी. शेरडी उसात घातली हुती आन् मार खाल्ला हुता, त्यो आठवून हासला बी. मदीच इचारायचा, वाळली का गं? मी हात लावून बघायची. म्हनायची, न्हाई रं, अजून वली हाय."

सयाजीनं त्या सारवलेल्या पट्ट्याकडं पाहिलं.

"वली नव्हती, बाबा," म्हातारी म्हणाली. "कवाच वाळली हुती. मला म्हनवत नव्हतं."

मागं हरणाबाई येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "आत्याबाई, तुमी माझं कुक्कू पुसलं."

"व्हय गं. पुसलं," म्हातारी म्हणाली. "मी पुसलं."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. कुणीही दुसरीचं खोटं म्हटलं नाही.

सयाजीपाशी एकच कागद होता आणि त्यावर एकच नाव बसणार होतं. डॉक्टरांचा दाखला झाला होता. नैसर्गिक मृत्यू लिहायची वाट बंद. हुकुमाप्रमाणे वागला तर एक निरपराध माणूस मरत होता. सत्य लिहिलं तर म्हातारी. तिसरी ओळ तुमच्या कायद्यात नाही. गळा कापून तोडे नेणारा आणि भुई वाळायची वाट बघत बसणारी, दोघांना एकच कलम. त्यानं लिहिलं. लिहिताना निब दोनदा कागदातून आरपार गेली.

रहिमानच्या बेड्या काढल्या तेव्हा तो म्हातारीच्या पायांवर पडला. "माजी, मी दिलं असतं तर तुमच्यावर पाळी आली नसती."

"उठ रं," ती म्हणाली. "तुला घरात बारकी पोरं हायती."

६

कोर्टात गर्दी मावत नव्हती. पिंजऱ्यात बनुबाईला उभं राहवेना, म्हणून स्टूल दिलं. तेवढी दया कायद्यात बसते. आरोप वाचला. दुभाषा म्हणाला, "आजीबाई, गुन्हा कबूल आहे का?"

"मारलं मी."

"ते नव्हे. गुन्हा कबूल आहे का?"

म्हातारी वरच्या खुर्चीतल्या तुमच्या न्यायाधीशाकडं बघत राहिली. सयाजी साक्षीदारांच्या बाकावर होता. त्याला तिची पाठ तेवढी दिसत होती.

"सायेब, तुमी शिकल्याली मानसं. मला येक सांगा. पोटचं पोर वरडतंय. बरं हुनार न्हाई म्हनून तुमचाच डागदर सांगतोय. त्याला सोताचा हात हलवता येत न्हाई, न्हाई तर त्यानं मला तरास दिला नसता. त्यो मागतोय. तर मी न्हाई म्हनायला पायजे हुतं का? आजून धा वर्सं त्याला तसंच वरडू द्यायला पायजे हुतं का? व्हय म्हना, म्हंजी मी चुकले. मी फाशी घीन. पर आधी व्हय म्हना."

वरच्या खुर्चीनं कारकुनाकडं मान वळवली आणि इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. कारकुनानं लिहिलं: आरोपीने प्रश्नाचे सरळ उत्तर दिले नाही.

जन्मठेप झाली. सत्तरीच्या म्हातारीला जन्मठेप. निकाल ऐकून हरणाबाई रडली नाही आणि हसलीही नाही; तिनं कोर्टाच्या दारात सासूच्या हातात एक लुगडं दिलं आणि पाठ फिरवली. पहिल्याच पावसाळ्यात बनुबाई जेलमध्ये मेली. नानासो जाऊन प्रेत घेऊन आला. सयाजी निकमनं नोकरी सोडली. शिरवळच्या बाजूला कुठं शेती करतो म्हणतात, कुणाशी बोलत नाही.

आता पहारा बदलतोय, झेंडे बदलायच्या गोष्टी चालल्यात. खुर्चीवर उद्या दुसरा कुणी बसेल; त्यालाही हेच विचारायचं आहे. कायदा केलात तर रानावर डोळा ठेवणाऱ्या हिस्सेदारांना कोण आवरेल, हरणीचं ऐकून कोण घेईल, ते सांगा. कायदा करत नसाल तर अर्जुनासारख्यांनी कुणाच्या दारात जायचं, ते सांगा. म्हातारी अडाणी होती. तिनं तुम्हाला फक्त होय किंवा नाही विचारलं होतं, आणि प्रश्न विचारून ती तुमच्या तोंडाकडं बघत बसली होती.

सरळ उत्तर कुणी दिलं नाही, हुजूर?

आज द्या. होय की नाही?